सुगरणीचे झाड आणि दोन शाळा

प्राथमिक शाळेतला पर्यावरणाचा कार्यक्रम म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वृक्षारोपणच येते. पाऊस लागला की रोपे येतात. सरपंच, केंद्रप्रमुख, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष असे सगळे मिळून एका रोपाला हात लावून उभे राहतात. फोटो निघतो, मुलांना बिस्किटांचे पुडे मिळतात आणि अहवाल वर जातो. पुढच्या पावसाळ्यात खड्डा तोच, रोप नवे. यात कुणाची टिंगल करण्याचा हेतू नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच पर्यावरणाचे शिक्षण शाळाशाळांतून द्यावे असा निकाल दिला, २००१ नंतर राष्ट्रीय हरित सेना आली, तिसरीपासून परिसर अभ्यासाचे पुस्तक मुलांच्या हाती आहेच. कागदावर काही कमी नाही. प्रश्न एवढाच, की मुलाच्या वाट्याला यातले काय येते?

आम्ही नवरा-बायको दोघेही जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक. एकजण मराठी माध्यमाच्या शाळेत, एकजण उर्दू माध्यमाच्या. लग्नानंतर कित्येक वर्षे दोन तालुक्यांत दोन बिऱ्हाडे केली. २००९ मध्ये पती-पत्नी एकत्रीकरणात उत्तर रत्नागिरीतल्या एका खाडीकाठच्या गावी एकत्र आलो आणि तेरा वर्षे तिथेच राहिलो. हे टिपण आम्ही दोघांनी मिळून लिहिले आहे, म्हणून ते ‘आम्ही’ असेच बोलेल.

गाव कोकणात शोभेल असेच. खाडीच्या अंगाला मुसलमानांचा मोहल्ला आणि कोळीवाडा, वर टेपावर कुणबीवाडी. मोहल्ल्यातले बापे कुवेत, दोहा, दुबईला, नाहीतर बोटीवर. कुणबीवाडीतले बापे विरार-डोंबिवलीला. म्हणजे दोन्ही शाळांच्या हजेरीपटावर बापाचे नाव होते, पण घरी आई, आजी, नानी असा बायकांचाच कारभार. आणि दोन्ही शाळा एकाच आवारात. मध्ये तारेचे कुंपण. आम्ही येण्यापूर्वी मैदानावरून काही वाद झाला होता, त्यातून ते आले म्हणतात. पोषण आहाराच्या चुली वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे, घंटाही पाच मिनिटांच्या अंतराने वाजायच्या. दोन्ही शाळांचे एकच सामाईक होते. कुंपणाच्या टोकाला एक जुनी विहीर आणि तिच्यावर झुकलेला माड. त्या माडाच्या झावळ्यांना पावसाळ्यात सुगरणींची घरटी लोंबत.

आम्ही काही निसर्गअभ्यासक नव्हतो. घरी जेवताना एकमेकांना शाळेतल्या गमती सांगायचो, तेव्हा लक्षात आले की दोन्ही वर्गांतली पोरे त्याच पक्ष्यांबद्दल बोलतात, फक्त नावे वेगळी घेतात. तेव्हा एक शंभर पानी वही घेतली. नियम साधा ठेवला. घंटेआधी पंधरा मिनिटे जो येईल त्याने आवारात दिसलेला पक्षी, त्याची संख्या, वेळ, हवा आणि पाहणाऱ्याचे नाव लिहायचे. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहायचे. वही एक दिवस उर्दू शाळेत, एक दिवस मराठी शाळेत. दुर्बीण नव्हती, निधी नव्हता, कुणाची मंजुरीही लागली नाही.

नावांवरूनच पहिली मौज झाली. मराठीतला खंड्या उर्दूच्या वर्गात किलकिला झाला, साळुंकी मैना झाली, घार चील झाली, घुबड उल्लू झाले. प्रत्येक पानावर दोन लिप्यांत नावे पडू लागली. उजवीकडून लिहिणारी आणि डावीकडून लिहिणारी पोरे पानाच्या मधोमध भेटत. एके सकाळी डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला पक्षी मैदानात चोच खुपसत फिरताना दिसला. उर्दूच्या मुलांनी त्याला पाहताक्षणी ओळखले, कारण हजरत सुलेमानांना सबाच्या राणीची खबर आणून देणाऱ्या हुदहुदची गोष्ट त्यांनी मकतबात ऐकली होती. पण गोष्टीतला हुदहुद आपल्या मैदानात किडे खात फिरतो, हे त्यांना नवीन होते. मराठीच्या मुलांनी गुरुजींना विचारले, याला मराठीत काय म्हणायचे? मराठीतही हुदहुदच म्हणतात, असे सांगितल्यावर दोन्हीकडे जो आनंद झाला तो आम्हाला आजही आठवतो. एवढ्या साऱ्या पाखरांत एकाचे तरी नाव सामाईक निघाले!

वर्गाच्या भिंतीवर सालिम अलींचे चित्र लावले. त्यांची गोष्ट मुलांना फार आवडे. लहानपणी आई-बाप गेलेले, मामाच्या घरी वाढलेले हे पोर छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारायचे. एक चिमणी वेगळी दिसली, गळ्यावर पिवळा डाग होता. ती घेऊन १९०८ मध्ये ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथल्या मिलार्ड साहेबांनी त्यांना पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा खजिना उघडून दाखवला. पुढे नोकरी गेल्यावर ते काही दिवस अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि १९३० च्या पावसाळ्यात घराजवळच्या झाडावरच्या सुगरणी रोज तासन्‌तास पाहत बसले. त्यातून सुगरणीच्या संसाराचे जे कोडे सुटले त्याने त्यांचे नाव पक्षिशास्त्रात झाले. उर्दूच्या एका मुलाने विचारले, “आपा, ते आपल्यातले होते?” त्याच दिवशी मराठीच्या एका मुलाने आपल्या गुरुजींना तोच प्रश्न विचारला. त्याचे म्हणणे, किहीम कोकणात येते, म्हणजे आपलेच. आम्ही दोघांनाही ‘हो’ म्हणून सांगितले. गलोली त्यानंतर बंद झाल्या असे मात्र नाही. गलोलवाल्या पोरांचीही नावे ‘पाहणाऱ्याचे नाव’ या रकान्यात येऊ लागली, एवढे खरे.

सुगरणीचा अभ्यास आम्ही किहीमच्याच धर्तीवर करायचा ठरवला. जूनपासून रोज एका जोडीने विहिरीपासून दहा पावले लांब बसायचे आणि पाहायचे. आठवडाभरातच मुलांना कळले की घरटे विणतो तो पिवळ्या डोक्याचा नर. भाताच्या, गवताच्या पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडून तो लांब धागा ओढून काढतो. असे वीत-दोन वीत लांबीचे धागे आणून तो आधी गाठ मारतो, मग कडे करतो, मग टोपीसारखे अर्धे घरटे विणतो. तिथे थांबतो आणि पंख फडफडवून मादीला बोलावतो. मादी येते, आत बसून पाहते, ओढून पाहते. पसंत पडले तरच पुढचे काम, खालची लांब नळी वगैरे. नाही पडले तर ते अर्धे घरटे तसेच वाऱ्यावर झुलत राहते. पावसाळा सरल्यावर खाली पडलेले एक घरटे आम्ही वर्गात उसवायला घेतले. धागे मोजता मोजता दोन हजारांच्या पुढे पोरांचा हिशेब चुकला आणि तरी घरटे संपले नव्हते. आत ओल्या मातीचे सुकलेले गोळे निघाले. त्यावर काजवे चिकटवून सुगरण घरात दिवा लावते, असे एका मुलीची नानी सांगायची. काजवे काही सापडले नाहीत. वाऱ्यात घरटे जड राहावे म्हणून ही माती असावी, असे जाणकार म्हणतात. तेही आम्ही सांगितले आणि नानीची गोष्टही वहीत लिहून ठेवली.

मराठीच्या वर्गात साहजिकच प्रश्न आला: विणतो नर, मग नाव सुगरण का? बायकांच्या नावावर कधी नव्हे ते पुरुषाचे काम जमा झालेले पाहून पालकसभेत आयाबाया पदराआड खूप हसल्या. पण उर्दूच्या वर्गातला प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सालिम अलींनी जे पाहिले ते हेच, की एक मादी घरात बसून अंडी उबवू लागली की नर शेजारी दुसरे घरटे बांधायला घेतो आणि दुसरी मादी बोलावतो. हे सांगून झाल्यावर चौथीतल्या एका मुलीने विचारले, “मग पहिलीच्या पिलांना दाणे कोण आणतं?” आम्हाला माहीत असलेले उत्तर एवढेच होते, की बहुतेक आईच आणते. ती मुलगी “हां” म्हणाली आणि खाली बसली. त्या वर्गात अशी एक-दोन घरे होती. आम्ही पक्ष्यांच्या रीतीवरून माणसांना धडा देत बसलो नाही, मुलांनीही तो मागितला नाही. पण त्या पावसाळ्यात ती मुलगी रोज सर्वांआधी विहिरीपाशी येऊन बसे आणि माद्या पिलांकडे किती वेळा येतात त्याच्या रेघा ओढत राही. तिच्या त्या रेघांनी भरलेली पाने ही आमच्या नोकरीतली मोठी मिळकत आहे, असे आम्ही समजतो.

एकदा मार्च महिन्यात दोन्ही शाळांची मिळून वेळासला सहल नेली. नाना फडणविसांचे गाव म्हणून मुलांना ते पुस्तकातून ठाऊक होते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून वेळासच्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपण्याचे काम केले आणि किनाऱ्यावरच्या इतर गावांनीही ते उचलले. मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. कोल्हे-कुत्री, माणसे यांच्यापासून वाचवण्यासाठी ती अंडी जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात पुरतात. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले वर येतात. त्या दिवशी टोपली उचलली तेव्हा तळहाताहून लहान अशी काळी पिल्ले एकमेकांवर चढत होती. ती पाण्याच्या दिशेने सुटली आणि साठ पोरे चिडीचूप झाली. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात आणि वाळू गार राहिली तर नर, हे ऐकून पोरांना गंमत वाटली. हवा अशीच तापत राहिली तर नर उरतील का, हे एका मुलाने विचारल्यावर ती गंमत राहिली नाही.

आमच्याबरोबर गावातला एक म्हातारा मच्छीमार आला होता. लहानपणी त्याने कासवाची अंडी खाल्लेली होती आणि तसे त्याने मुलांपुढे सांगितलेही. तेव्हा कायदा कुणाला ठाऊक नव्हता, भूक ठाऊक होती. पिल्ले पाण्यात गेल्यावर तो बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “पन्नास वरसा दर्यात गेलो, पन ह्या कधी बघितला नव्हता.” पुढे जाळ्यात कासव अडकले की तो जाळे कापून सोडून द्यायचा आणि शाळेत येऊन वहीत लिहायला सांगायचा. त्याला लिहिता येत नव्हते. २०२२ मध्ये रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पाच माद्यांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली. त्यांतली पहिली वेळासची, तिचे नाव प्रथमा. आणि ओडिशात २०२१ मध्ये बिल्ला लावलेली एक मादी २०२५ मध्ये थेट गुहागरला अंडी घालताना सापडली. ही बातमी आम्ही जुन्या विद्यार्थ्यांना फोन करकरून सांगितली. पूर्वेच्या दर्यातली कासवे वेगळी, पश्चिमेची वेगळी, असे आजवर मानत होते. एका कासवाने ती रेघ पुसली.

रेघेवरून आमच्या कुंपणाकडे यायला हवे. २०१६ च्या पावसाळ्यात गावात तंटा झाला. कारण इथे उगाळण्यात अर्थ नाही, गावोगावी असतात तसेच होते. दोन महिने मोहल्ल्यातली पोरे टेपावर जाईनात आणि टेपावरची मोहल्ल्यात येईनात. शाळेतही घरच्यांच्या ताकिदी आल्या. वही एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायची बंद झाली. मुलांनी आपापल्या वह्या केल्या. ऑगस्टअखेर घरट्यांची मोजणी असे. उर्दूच्या वहीत सतरा भरली, मराठीच्या वहीत पंधरा. रात्री घरी आम्ही दोन्ही आकडे पुढ्यात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या वर्गांना विचारले, तर मग माडावर एकूण घरटी किती? बत्तीस, असे दोन्ही वर्ग एका सुरात म्हणाले. मग कुणीतरी म्हणाले, काही घरटी दोन्हीकडून दिसत असतील की! ती कोणती, हे एकट्याने ठरवता येईना. शेवटी दोन्हीकडची चार-चार पोरे कुंपणाला चिकटून उभी राहिली. ‘तुला दिसतंय ते वाकडं?’ ‘त्याच्या डावीकडचं, अर्धवट?’ असे ओरडून विचारत त्यांनी झावळी-झावळी तपासली. अकरा घरटी दोघांनी मोजलेली निघाली. सतरा अधिक पंधरा, वजा अकरा. माडावर एकवीस घरटी होती.

सुगरणीने गावचे भांडण मिटवले, असे आम्ही म्हणणार नाही. ते मिटले दोन्हीकडच्या जाणत्या माणसांनी बैठक घेतल्यावर. कुंपणही आहे तिथेच आहे. पण त्या दिवसानंतर वही पुन्हा एक झाली आणि पुढच्या वर्षी दोन्ही शाळा व्यवस्थापन समित्यांनी विहिरीजवळ कुंपणाला एक फाटक बसवून दिले. ठरावात कारण लिहिले आहे: ‘पक्षी मोजणीसाठी.’

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. रायगडात श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यात ते किनाऱ्याला धडकले, पण दापोली-मंडणगडलाही त्याने सोडले नाही. माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, उर्दू शाळेचे पत्रे उडून खाडीत गेले आणि विहिरीवरचा माड मुळासकट पडला. महामारीमुळे शाळा बंद होत्याच. आखातातले बाप विमाने बंद म्हणून तिकडेच अडकलेले. वीज येऊन फोन चालू झाले तेव्हा एका बापाने कतारहून मुलीला पहिल्यांदा घराचे विचारले, मग विहिरीवरच्या माडाचे. तोही लहानपणी त्याच आवारात शिकलेला होता. माड पडला हे तिने सांगितले. त्या महिन्यात वहीत घरट्यांच्या रकान्यात शून्य पडले. पोरे घरूनच शोधत राहिली. जुलैत एका आईने फोनवर कळवले, की खाजणाच्या बांधावरच्या बाभळीला पिवळी पाखरे गवत बांधताहेत. चार घरटी. त्याच खाजणाच्या कडेला तिवरांची आणि चिपीची झाडे वादळात उभी राहिली होती आणि त्यांच्या आडोशाची घरे तुलनेने बचावली होती. कांदळवन का तोडू नये हे आम्ही पाच वर्षे फळ्यावर शिकवत होतो. त्या वर्षी ते मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांनी आपणहून सांगितले.

२०२२ मध्ये आमची बदली झाली. आलो तेव्हा उर्दू शाळेचा पट चौतीस होता आणि मराठीचा एक्केचाळीस. निघालो तेव्हा तेरा आणि सोळा. ज्यांना परवडते ते पालक मुलांना व्हॅनने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत धाडतात आणि त्यांना दोष देता येत नाही. २०२३ पासून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याची चर्चा आहे. तिथे प्रयोगशाळा असेल, संगणक असतील, मोठे मैदानही असेल. आमची हरकत सोयींना नाही. पण मूल आठ किलोमीटरवरून गाडीत बसून घंटेच्या ठोक्याला उतरणार असेल, तर घंटेआधीची पंधरा मिनिटे कुठून आणायची? परिसर अभ्यासातला परिसर म्हणजे मुलाच्या पायाखालची वाट. खाजणाचा बांध, निवटे उड्या मारतात तो चिखल, मशिदीमागची चिंच, देवळापुढचा पिंपळ. त्या वाटेने जे मूल पायी येते त्यालाच कळते की काल इथे बगळे होते, आज नाहीत. वाघ-सिंहांची चित्रे तर मोबाईलवरही दिसतात.

म्हणून आमच्या शिक्षक भावा-बहिणींना एवढेच सांगणे आहे. रोपे जरूर लावा, फोटोही काढा. पण एक वही घाला. तिच्यात मुलांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या लिपीत, त्यांनी स्वतः पाहिलेले लिहू द्या. आवारात दुसरी शाळा असेल तर वही तिकडेही पाठवा.

गेल्या सप्टेंबरात गावच्या नव्या मराठी बाईंचा फोन आला होता. दोन्ही शाळा अजून सुरू आहेत. वह्यांचा नववा भाग चालू आहे. पडलेल्या माडाच्या जागी दोन्हीकडच्या पोरांनी लावलेला माड आता दोन पुरुष उंच झाला आहे, पण सुगरणी अजून बाभळीवरच बांधतात. या वर्षी चौदा घरटी भरली, पाच अर्धवट.